कृष्णगिरीचे अरण्य कोणाचे?

महापरिनिर्वाणदिनी चैत्यभूमीवर अभिवादन करून परतण्यापूर्वी मराठवाड्यातील कित्येक उपासक-उपासिका बोरिवलीला उतरून कान्हेरीची लेणी पाहतात. तेथे त्यांना दोनदा तिकीट काढावे लागते. पहिले राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी, ते वनखात्याचे. दुसरे लेण्यांच्या पायथ्याशी. ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे. अरण्याचा धनी एक आणि त्या अरण्यातील खडकाचा रखवालदार दुसरा, अशी ही व्यवस्था आहे. ज्या भिक्खुसंघासाठी हा डोंगर कोरला गेला, त्याचे नाव दोहोंपैकी एकाही तिकिटावर नाही. त्याबद्दल तक्रार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नव्हे. मुंबईसारख्या महानगराच्या उपनगरात सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे अरण्य टिकून राहावे, ही जगात विरळा अशी गोष्ट आहे. ते कोणाकोणाच्या मालकीतून गेले, कोणाच्या हाती राखले गेले आणि राखताना कोणाला बाहेर काढले गेले, याचा शोध घेणे हा येथील विषय आहे.

मानवत, पाथरी, सेलू या पट्ट्यातील वाचकास अरण्य ही वस्तू काहीशी परकी वाटेल. परभणी हा राज्यातील अत्यल्प वनक्षेत्राच्या जिल्ह्यांपैकी एक. काळी जमीन, कापूस आणि ज्वारी हे आपले विश्व. आपल्याकडे बौद्ध समाजाचा जमिनीसाठी लढा झाला तो गायरानावर. परंतु १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतरही मराठवाड्यातील जी भूमिहीन कुटुंबे पोटासाठी मुंबईस गेली, त्यांना शहराच्या मध्यभागी जागा मिळाली नाही. ती उपनगरांच्या कडेला, डोंगराच्या उतारावर, म्हणजे याच अरण्याच्या वेशीवर विसावली. कृष्णगिरीचा प्रश्न त्यामुळे आपल्या घरापासून वाटतो तितका दूर नाही.

बौद्ध साहित्यात अरण्य पावलोपावली भेटते. तथागतांचा जन्म शालवनात, ज्ञानप्राप्ती पिंपळाखाली, पहिले प्रवचन मृगदायात आणि महापरिनिर्वाण पुन्हा शालवृक्षांच्या जोडीखाली. हे सर्वांना ठाऊक आहे आणि सभांतून सांगितलेही जाते. मात्र त्या वनांची मालकी कोणाकडे होती, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. विनयपिटकाने तो विचारला आहे, आणि तोही बारकाईने.

मगधराज बिंबिसाराने वेळुवन संघास दिले. राजाच्या मालकीचे उद्यान राजाने दिले, त्यात वाद नव्हता. जेतवनाची गोष्ट निराळी. श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाने राजकुमार जेत याच्याकडे त्याचे उद्यान मागितले. जेत म्हणाला की भूमीवर नाणी अंथरून ती झाकलीत तरी मी ती देणार नाही. अनाथपिंडिकाने हा सौदा ठरला असे मानले. जेतने ते नाकारले. वाद न्यायाधिकाऱ्यांपुढे गेला. त्यांनी निर्णय दिला की ज्या अर्थी जेतने किंमत उच्चारली, त्या अर्थी उद्यान विकले गेले. मग गाड्यांतून नाणी आली. दाराजवळचा थोडा तुकडा उघडा राहिला, तो जेतने स्वतः दान केला. ही कथा आपण अनाथपिंडिकाच्या दातृत्वासाठी सांगतो. खरे तर एका वनाच्या हस्तांतरणाचा तो निवाडाही आहे: मालक कोण, विक्री केव्हा पुरी होते, बोललेल्या शब्दाला किती किंमत.

याहून महत्त्वाचा नियम चुल्लवग्गात आहे. संघाच्या मालकीच्या काही वस्तू ‘अविस्सज्जिय’, म्हणजे कोणालाही देऊन टाकता न येणाऱ्या, ठरवल्या आहेत. आराम आणि आरामाची जमीन, विहार आणि विहाराची जमीन या त्यांत पहिल्या येतात. त्याच यादीच्या शेवटी वेली, वेळू, गवत, माती आणि लाकडी सामान यांचीही नोंद आहे. या वस्तू एका भिक्खूला देता येत नाहीत, गणाला देता येत नाहीत, आणि समग्र संघालाही देता येत नाहीत. दिल्या तरी त्या दिल्या असे होत नाही. असे का, तर त्या ‘आगत-अनागत’ संघाच्या आहेत. जे आले आहेत त्यांच्या आणि जे अजून यायचे आहेत त्यांच्याही. आज हजर असलेला मालक उद्याच्या मालकाची वस्तू विकू शकत नाही, असा हा विचार आहे. आधुनिक पर्यावरणशास्त्र भावी पिढ्यांच्या हक्काची भाषा गेल्या अर्धशतकात बोलू लागले. विनयाने बांबूच्या बेटालाही तो न्याय दोन हजार वर्षांपूर्वी लावला होता.

झाडे तोडण्याविषयीचा नियमही तेथेच सापडतो. आळवी येथील भिक्खू बांधकामासाठी झाडे तोडू लागले तेव्हा लोकांनी टीका केली. त्यातून वनस्पती तोडणे हा भिक्खूंसाठी पाचित्तिय दोष ठरला. वर्षावासाचे मूळही असेच आहे: पावसाळ्यात भिक्खू हिरवे गवत तुडवत हिंडतात, अशी लोकांची तक्रार होती. दोन्ही ठिकाणी लोकापवाद हे नियमाचे निमित्त आहे. संघ लोकांचे ऐकत असे, ही त्यातली मोठी गोष्ट. सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात निष्कारण वने जाळू नयेत अशी आज्ञा केली, ती या परंपरेतूनच आलेली आहे. त्याच अशोकाच्या शिलाशासनाचे तुकडे सोपाऱ्यास सापडले आहेत, आणि सोपारा कान्हेरीपासून फार दूर नाही.

आता महाराष्ट्रातील लेण्यांकडे येऊ. संघाच्या जमिनीचे व्यवहार येथे दगडावर नोंदलेले आहेत. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत उषवदाताचा लेख सांगतो की त्याने अश्विभूती नामक ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांस शेत विकत घेतले आणि त्याच्या उत्पन्नातून चारी दिशांच्या भिक्खुसंघाच्या अन्नाची सोय केली. विक्रेता, किंमत, शेताची दिशा, सारे नोंदले आहे. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या अठराव्या राजवर्षी कखडी गावचे दोनशे निवर्तन शेत तेथील भिक्खूंना दिले. राजपुरुषांनी त्या शेतात शिरू नये, मिठासाठी ते खणू नये, अशा सवलतीही दिल्या. सहा वर्षांनी त्याच्या ध्यानात आले की ते शेत कसले जात नाही आणि गावही ओस पडले आहे. तेव्हा नगराच्या सीमेवरील राजाच्या स्वतःच्या शेतापैकी शंभर निवर्तन त्याने बदली दिले. कागदावरचे दान आणि हाती येणारी जमीन यांत अंतर असते, हे सातवाहन राजालाही कळले होते. आपल्याकडील भूमिहीनांना मिळालेल्या कित्येक पट्ट्यांची कथा याहून वेगळी नाही. फरक इतकाच की येथे बदली जमीन देणारा राजा भेटत नाही.

कान्हेरीचे प्राचीन नाव कण्हगिरी, कण्हसेल. म्हणजेच कृष्णगिरी, काळा डोंगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास येथे लेणी कोरण्यास आरंभ झाला आणि दहाव्या शतकापर्यंत हा विहार नांदता होता. शंभराहून अधिक लेणी एका डोंगरावर भारतात अन्यत्र कोठेही नाहीत. येथील शिलालेखांतील दाते वाचताना मन भरून येते. राजे थोडे, सामान्य माणसे फार. कल्याणचा सोनार सामिदत्त पाण्याची पोढी देतो. कल्याणचाच लोहार नंद एक वाट बांधून देतो. व्यापारी, गृहिणी, भिक्खुणी, कोणी लेणे देते, कोणी आसन. लोहाराने दिलेली वाट! ज्या समाजाने पुढे हजार वर्षे लोहाराला, चांभाराला, महाराला वाटेच्या कडेने चालायला लावले, त्याच भूमीवर एका लोहाराचे नाव वाटेचा दाता म्हणून खडकात टिकून आहे.

एक्याऐंशीव्या लेण्यातील लेख आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. यज्ञश्री सातकर्णीच्या सोळाव्या राजवर्षी, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, कल्याणच्या एका व्यापाऱ्याने लेणे दिले, दोनशे कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली आणि मंगलठाण येथील शेत दिले. अक्षयनीवी म्हणजे मुद्दलास हात न लावता केवळ व्याज वापरावयाची ठेव. त्यातून पावसाळ्यात येथे राहणाऱ्या भिक्खूंना चीवर मिळावयाचे होते. मंगलठाण म्हणजे आजचे बोरिवलीजवळील मागाठाणे. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

शिलालेख शेत, पोढी, वाट, आसन आणि लेणे यांच्या दानाविषयी बोलतात. अरण्य हे त्यांत दानाची वस्तू म्हणून येत नाही. पायथ्याचे शेत पोट भरी, वरचे अरण्य पाणी धरी. कान्हेरीवर लेण्यालेण्यांशी पोढ्या आहेत, खडकात खोदलेल्या पन्हळी आहेत, दोन डोंगरांमधील ओढ्यावर बंधाऱ्याच्या खुणा आहेत. पावसाचे चार महिने आणि कोरडे आठ महिने, असा हा प्रदेश. माथ्यावर झाडे नसती तर पोढ्या भरून वाहिल्या असत्या आणि डोंगरही झिजला असता. एवढा मोठा संघ तेथे शतकानुशतके राहिला, तो डोंगर राखूनच राहिला असला पाहिजे.

नवव्या शतकात शिलाहार राजे राष्ट्रकूटांचे मांडलिक असताना येथे दुरुस्ती, चीवरे आणि ग्रंथ यांसाठी द्रम्मांची दाने झाली. त्यांतील एक दाता गोमिन अविघ्नाकर हा थेट गौडदेशातून, म्हणजे बंगालमधून आलेला होता. त्यानंतर दान आटले. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये काही पारशी प्रवासी येथे येऊन गेले आणि त्यांनी आपली नावे पहलवी लिपीत कोरून ठेवली. तोवर संघ निघून गेला असावा. अनागत संघ यावयाचाच राहिला आणि डोंगर निर्नायकी झाला.

पुढील आठशे वर्षे वेगाने सांगता येतील. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांना दिली. पोर्तुगीजांनी गावे आपल्या सरदारांना आणि धर्मसंघांना वाटून दिली. फ्रान्सिस्कन पाद्री लेण्यांतही राहिले. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली. १७७४ साली इंग्रजांनी ती जिंकली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. यांपैकी प्रत्येक सत्तेस साष्टीतून भात, मीठ, ताडी आणि लाकूड हवे होते. झाडाखाली राहणाऱ्या वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे नाव एकाही तहात नाही.

१८३० साली ईस्ट इंडिया कंपनीने साष्टीतील सात गावे बैरामजी जीजीभॉय या पारशी व्यापाऱ्यास दिली. मालाड, दहिसर, मागाठाणे ही नावे त्यांतली. म्हणजे ज्या मागाठाण्याचे एक शेत सातवाहनकाळात भिक्खूंच्या चीवरांसाठी अक्षय म्हणून दिले गेले होते, तो सारा गाव साडेसोळाशे वर्षांनी एका खोताच्या मालकीचा झाला. खोती म्हणजे काय, हे कोकणातील बौद्धांना सांगावे लागत नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ च्या सप्टेंबरमध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. ते त्या वेळी संमत झाले नाही. कोकणातील खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला आणि साष्टीतील या इस्टेटींची सारामाफी १९५१ च्या कायद्याने संपली. सारा लागू झाला, मालकी मात्र बहुतांशी जागच्या जागी राहिली. उपनगरांचा विस्तार झाला तेव्हा भातखाचरांचे भूखंड झाले आणि जुन्या इस्टेटींच्या वारसांना त्यांचे सोन्याचे मोल मिळाले.

मग अरण्य वाचले कसे? याचे उत्तर पाण्यात आहे. मुंबईत पाण्याचा दुष्काळ पडू लागला तेव्हा १८५६ साली विहार तलावाचे काम सुरू झाले आणि १८६० मध्ये शहरास पाणी मिळाले. तलावाचे विहार हे नाव तेथील गावावरून आले. त्या गावनावाचा संबंध बौद्ध विहाराशी जोडला जातो आणि परिसर पाहता तो पटतो. १८७९ मध्ये तुळशी तलाव पुरा झाला. या दोन्ही तलावांचे पाणलोट क्षेत्र नगरपालिकेने ताब्यात घेतले आणि तेथे शेती, वस्ती व वृक्षतोड यांना मज्जाव केला. इंग्रजांना झाडांविषयी विशेष ममता होती असे नव्हे. रेल्वेच्या स्लीपरांसाठी त्यांनी देशभरचा साग तोडला. पण पाण्याखातर राखलेला हा प्रदेश विकता येईना. राष्ट्रीय उद्यानाचा गाभा आजही या दोन तलावांच्या पाणलोटाचा आहे.

मला यात विनयाच्या ‘अविस्सज्जिय’ नियमाची सावली दिसते. साष्टीतील जी जमीन विकता येत होती, ती भूखंड झाली. जी विकता येत नव्हती, ती अरण्य राहिली. संघाने जे तत्त्व म्हणून सांगितले होते, ते नगरपालिकेने गरज म्हणून पाळले.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली राष्ट्रीय उद्यानांसाठी मुंबई राज्याचा कायदा झाला आणि कान्हेरीभोवतीचे क्षेत्र कृष्णगिरी राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाऊ लागले. सातवाहनांच्या काळातील नाव एका आधुनिक उद्यानाला मिळाले, ही आनंदाची गोष्ट होती. पुढे क्षेत्र वाढले, नाव बोरिवली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८० च्या दशकात संजय गांधी यांचे नाव देण्यात आले. कृष्णगिरी हे नाव आता प्रवेशद्वाराजवळील उपवनापुरते उरले आहे. ज्यांनी नाव बदलले त्यांना ते किती जुने होते हे माहीत नसावे, असे म्हणणे हाच त्यातल्या त्यात उदार अर्थ.

येथून कथेला वेगळे वळण लागते. १९७५ साली महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम झाला आणि ३० ऑगस्ट १९७५ पासून राज्यातील खाजगी वने शासनाच्या मालकीची झाली. हेतू चांगला होता: अरण्य ही एकट्याची मालमत्ता असू नये. परंतु मुंबई उपनगर आणि ठाण्यातील बऱ्याच जमिनींवर १९५० च्या दशकात वन कायद्याखाली केवळ नोटिसा निघाल्या होत्या. पुढे काहीच झाले नव्हते. मधल्या काळात शासनाच्याच परवानगीने मुलुंड, विक्रोळी भागात त्या जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या.

दुसऱ्या बाजूस राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत झोपड्या वाढल्या. मालाडचा आप्पापाडा, कांदिवलीचे दामूनगर, बोरिवली, मुलुंड आणि ठाण्याची कड. गिरणी बंद पडलेला कामगार, बांधकामावरचा बिगारी, घरकाम करणारी बाई, आणि यांत कोकणचा, विदर्भाचा व मराठवाड्याचा बौद्ध. पत्र्याच्या भिंतींमध्ये प्रथम उभे राहिले ते बुद्धविहार आणि बाबासाहेबांचे छायाचित्र. ही जागा त्यांना स्थानिक दादांनी विकली होती. म्हणजे फुकटही नव्हती. अरण्यास त्यांच्यामुळे इजा झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. सरपणासाठी झाडे गेली, ओढ्यांत सांडपाणी गेले, बिबट्याच्या वाटेवर घरे आली आणि मुले बिबट्याच्या तोंडी गेली.

१९९५ साली बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने उच्च न्यायालयात याचिका केली. ७ मे १९९७ रोजी न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ च्या मतदार यादीत ज्यांचे नाव, ते पुनर्वसनास पात्र. त्यांनी सात हजार रुपये भरावयाचे. ज्यांचे नाव नाही, त्यांना काही नाही. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत हजारो घरे पाडली गेली. आधी कल्याणच्या बाजूची जागा सुचविण्यात आली; रोजच्या मजुरीचे ठिकाण सोडून तेथे जाणार कोण? निवारा हक्क सुरक्षा समितीने हा प्रश्न लावून धरला आणि अखेर चांदिवलीच्या जुन्या खाणींच्या जमिनीवर संघर्षनगर उभे राहिले. सुमारे अकरा हजार कुटुंबे तेथे गेली. पात्र ठरूनही ज्यांना घर मिळाले नाही अशा कुटुंबांचा प्रश्न त्यानंतरही न्यायालयापुढे येत राहिला. अरण्यातील मूळच्या आदिवासी पाड्यांनाही अतिक्रमणाच्याच रांगेत उभे केले गेले, हा त्यातला सर्वांत मोठा अन्याय होता.

याच्याशेजारी दुसरा निकाल ठेवून पाहावा. वर उल्लेखिलेल्या नोटिसांच्या जमिनी २००८ साली उच्च न्यायालयाने खाजगी वने ठरविल्या. हजारो सदनिकाधारक हादरले. ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज आणि बॉईस यांच्या व इतरांच्या अपिलांवर सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. नुसती नोटीस काढून पन्नास वर्षे स्वस्थ बसणाऱ्या शासनाला आता ती जमीन वन म्हणता येणार नाही. शासनाच्या परवानगीने घरे झाली आहेत. लोकांनी विश्वासाने ती घेतली आहेत, असा त्याचा आशय. निकाल न्याय्य आहे असेच मी मानतो. या दोन प्रकरणांत कायद्याचा भेद आहे, हेही खरे. एक राष्ट्रीय उद्यान, दुसरी केवळ नोटीस मिळालेली जमीन. परंतु झोपडीतील माणसानेही विश्वासानेच पैसे मोजले होते. त्याच्या वस्तीतही शासनाने नळ दिला होता, शाळा काढली होती, मते मागितली होती. शासनाच्या पन्नास वर्षांच्या स्वस्थपणाचा फायदा एकास मिळाला आणि त्याच स्वस्थपणाची शिक्षा दुसऱ्यास. एकाजवळ नोंदणीकृत खरेदीखत होते, दुसऱ्याजवळ दादाने दिलेली चिठ्ठी.

आणि अरण्याचे सर्वांत मोठे तुकडे झोपड्यांनी घेतले असेही नाही. उद्यानास लागून आरे दुग्धवसाहत आहे. १९४९ साली ती सुमारे ३,१६० एकरांवर स्थापन झाली. तिच्यातून वेळोवेळी चित्रनगरी आणि इतर संस्थांना जमीन दिली गेली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळताच त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडण्यास सुरुवात झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने थांबविले, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. आरे हे वन नव्हे, असा शासनाचा दावा होता. एकाच डोंगररांगेच्या एका उतारावर झोपडी हटविण्यासाठी ते अरण्य ठरते आणि दुसऱ्या उतारावर कारशेड बांधण्यासाठी ते अरण्य ठरत नाही. नंतर २०२० मध्ये आरेतील सुमारे आठशे एकर राखीव वन करण्याचा निर्णय झाला, तो स्वागतार्हच; कारशेड मात्र २०२२ मध्ये पुन्हा तेथेच आली.

२००६ च्या वनहक्क कायद्याने अरण्यवासीयांच्या हक्काची नोंद घेतली. आदिवासींसाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा पुरेसा आहे. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. अनुसूचित जातीचा माणूस या ‘इतर’ वर्गात मोडतो. ज्याला शंभर वर्षांपूर्वी गावच्या चावडीत शिरता येत नव्हते, त्याने त्या चावडीच्या दप्तरातून आपल्या पणजोबाचा ताबा सिद्ध करावयाचा आहे. आदिवासींचा हक्क कमी करावा असा याचा अर्थ नव्हे. पुराव्याची अट ज्याने लिहिली, त्याच्या डोळ्यांपुढे दप्तर सांभाळणारा माणूस होता, दप्तराबाहेर ठेवलेला नव्हता.

हाच प्रश्न आपल्या जिल्ह्यात गायरानाच्या रूपाने उभा आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यांत मराठवाड्यातील बौद्धांनी तुरुंग भरले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील अनुसूचित जाती-जमातींची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला, परंतु भूमिहीन मजूर व अनुसूचित जातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद नोंदवून ठेवला. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गावोगावी नोटिसा निघाल्या तेव्हा किती तलाठ्यांनी तो अपवाद वाचला असेल, हे नोटिसा घेऊन रडत आलेल्या बायांना विचारावे.

बाबासाहेबांनी १९४७ साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या मसुद्यात जमीन राज्याची असावी आणि ती जातपात न पाहता कसणाऱ्या समूहांना द्यावी अशी योजना मांडली होती. तीत जमीनदार नव्हता, खंडकरी नव्हता आणि भूमिहीन मजूरही नव्हता. राज्य हे मालक असले तरी ते विक्रेता असावे असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. कृष्णगिरीबाबत राज्य मालक झाले आहे. ते कारशेडला नाही म्हणू शकले नाही आणि झोपडीला थारा देऊ शकले नाही. अरण्य राखलेच पाहिजे, याविषयी बौद्धांत दुमत असू नये. ते राखण्याची किंमत कोणी द्यावयाची, यावर आपण बोलले पाहिजे, कारण ती आजवर आपल्याच माणसांनी दिली आहे.

मागाठाण्याची आजची स्थिती सांगून हा लेख संपवितो. तेथे बोरिवली पूर्वेस सहाव्या शतकाच्या सुमाराची बौद्ध लेणी आहेत, कान्हेरीहून धाकटी. त्यांच्याभोवती अरण्य उरलेले नाही. चाळी आणि झोपड्या लेण्यांच्या भिंतींना भिडल्या आहेत, खांब झिजले आहेत, काही भाग मातीत गेला आहे. भिक्खूंच्या चीवरांसाठी दिलेले शेत याच शिवारात कोठेतरी होते. जवळून द्रुतगती महामार्ग जातो आणि त्यावर २०२२ पासून मागाठाणे नावाचे मेट्रो स्थानक आहे. लेण्यांच्या अगदी दारात राहणाऱ्यांत अनेक घरांवर पंचशील ध्वज दिसतो.